चार इंच कमी

मी एक ब्लाउज आहे. डाळिंबी खणाचा, पुढे सहा हुक, बाह्यांना बारीक जरीचा काठ. मला शिवलं ते मात्र अशा एका बाईच्या मापाने, जी तेव्हा नव्हतीच.

माझी मालकीण अक्षदा. डोंबिवली पश्चिमेला, कोपरला राहते. वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात नोकरी करायची. वजन एकशे अठरा किलो, त्यात मधुमेह आणि गुडघे दुखायचे. जानेवारीत तिचं ठाण्याला पोट लहान करण्याचं ऑपरेशन झालं. मे महिन्यात धाकट्या भावाचं, विनीतचं लग्न होतं. ऑपरेशनला महिना झाला तशी ती खण घेऊन वर्षालीताईंच्या शिलाईच्या दुकानात आली.

"आत्ताच्या मापाचा नको," अक्षदा म्हणाली. "चार इंच कमी घ्या."

"अगं, मग आत माया तरी ठेवते थोडी. लागलं तर उसवता येईल."

"माया कशाला? मी आता कमीच होणारे."

त्या दिवशी तिचा चेहरा इतका खुलला होता, की वर्षालीताईंनी वाद घातला नाही. पहिल्याच महिन्यात दहा किलो उतरलं होतं. महिन्याला दहा, म्हणजे लग्नापर्यंत चाळीस. हा हिशोब तिने स्वतःच मांडला होता. तिने मला कपाटाच्या आत नाही ठेवलं, बाहेर दाराला टांगलं. डोळ्यांसमोर असावा म्हणून. तिथून मला सगळी खोली दिसायची.

दुसऱ्या महिन्यात वजनकाटा अडला. सकाळी उठली की ती काट्यावर चढायची, उतरायची, काटा दुसऱ्या फरशीवर सरकवून पुन्हा चढायची. आकडा तोच.

"डॉक्टरांनी सांगितलेलं ना," तिचा नवरा प्रशांत म्हणायचा. "आधी भराभर उतरेल, मग मंदावेल. मध्ये काही आठवडे हलणारच नाही. एक-दीड वर्ष धरून चाला म्हणाल्या होत्या मॅडम."

"दीड वर्षाने काय विनीत परत लग्न करणारे?"

रविवारी नणंद आली. स्वप्ना मनाने वाईट नव्हती. पण माझ्याकडे बघून म्हणाली, "वहिनी, हा होईल का गं तुला? आमच्या बिल्डिंगमधल्या एकीचं चार महिन्यांत पस्तीस किलो गेलं. तुझं एवढं ऑपरेशन करूनसुद्धा..." वाक्य तिने अर्धंच सोडलं. अक्षदा हसली आणि चहा करायला गेली. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

त्यानंतर तिने खाणं आणखी कमी केलं. डॉक्टरांनी दिलेली प्रोटीनची पावडर ती बेसिनमध्ये ओतायची आणि ग्लास विसळून प्रशांतला दिसेल असा ठेवायची. ताकाचे दोन-चार घोट, नारळाचं पाणी, बस. मग काही पोटात ठरेना. जीवनसत्त्वांच्या गोळ्या उलटून पडायला लागल्या, म्हणून तिने त्याही बंद केल्या. ठाण्याला तपासणीला जायचं तर तिने दोनदा पुढे ढकललं. काटा पुन्हा हलला होता. आता तिला कुणाचं काही ऐकायचं नव्हतं.

"पायांना मुंग्या येतात रे," एकदा ती म्हणाली.

"डॉक्टरांना फोन करू?"

"नको. ते खा म्हणतील."

लग्नाला आठवडा असताना तिने मला अंगात घातलं. वरचे दोन हुक लागले. खालचे लागेनात. तिने श्वास कोंडून धरला, पोट आत ओढलं. मध्ये दोन बोटांची फट राहिली. तशीच ती मला घेऊन वर्षालीताईंकडे गेली. त्यांनी शिवण उलटून दाखवली. "कुठून सोडू, बाळा? आत कापडच नाही."

शीळफाट्याजवळच्या हॉलवर हळदीच्या सकाळी मी बॅगेत होतो. तिने मला बाहेर काढलं, पलंगावर पसरलं आणि भिंत धरून उभी राहिली. मग म्हणाली, "आई, मला दोन-दोन दिसतंय गं." आई धावत येईपर्यंत ती खाली पडली होती. ती काहीतरी असंबद्ध बोलत होती. विनीत हळदीच्या अंगानेच गाडीकडे धावला. बाहेर वाजंत्री आलेली होती, ती तशीच उभी राहिली.

पुढचं मी घरी ऐकलं. उलट्या आणि उपासाने अंगातलं एक जीवनसत्त्व पार संपलं होतं. ते मेंदूला आणि पायांच्या नसांना लागतं. इंजेक्शनं वेळेवर मिळाली म्हणून ती वाचली. पायांची मात्र खात्री कुणी देईना. डॉक्टर मॅडम प्रशांतला म्हणाल्या होत्या, "वजन मुळात हळू उतरतच नव्हतं हो. जसं उतरायला हवं तसंच चाललं होतं."

प्रशांतने हे घरी अक्षदाच्या आईला सांगितलं.

तिचं अंथरूण सुटायला पावसाळा गेला. नोकरी सुटली. मग ती मुकाट्याने डॉक्टरांचं ऐकून खाऊ लागली. वाटीभर वरण, अंडं, पनीर, गोळ्या. वजनही उतरत राहिलं, कधी किलोभर, कधी काहीच नाही. ऑपरेशनला दीड वर्ष होत आलं तेव्हा ते ब्याऐंशीवर आलं आणि थांबलं. मॅडमनी पहिल्या दिवशी साधारण एवढंच सांगितलं होतं.

विनीतच्या मुलीच्या बारशाला तिने मला घातलं. सहाही हुक लागले. आरशात तिने स्वतःकडे पाहिलं आणि लगेच पदर ओढून घेतला.

बारशाला बायकांनी तिला घेरलं. "ओळखलंच नाही गं! काय बारीक झालीस! काय केलंस?" स्वप्नाही होती. ती अक्षदासाठी खुर्ची घेऊन आली.

निघताना प्रशांतने तिचा हात धरला होता. जिन्याच्या वळणावर तो थांबला.

"अक्षदा, चप्पल कुठेय तुझी?"

तिने खाली पाहिलं. डावा पाय उघडा होता. चप्पल मागे, चार पायऱ्या वर पडली होती. पाय ओल्या फरशीवर होता आणि तिला कळलंच नव्हतं.

प्रशांतने चप्पल आणली, खाली बसला आणि तिच्या पायात घातली. "घातलीस?" तिने विचारलं.

आता मी कपाटाच्या आत असतो. बाहेर टांगण्याचं कारण उरलं नाही. तुमच्या घरी कुणाचं असं ऑपरेशन झालं असेल, तर तिला किती उतरलं ते विचारू नका. आज पोटात काय गेलं, ते विचारा. आणि पायांना मुंग्या येतात असं ती म्हणाली, तर तिने नको म्हटलं तरी डॉक्टरांना फोन लावा.