नवऱ्याचं नाव

बायको सखू गेल्याचा फोन आला तेव्हा शिवा काजूखाली बिया वेचत होता. रत्नागिरीच्या शुश्रूषा केंद्रातून कोणी बाई बोलत होती. "आजी सकाळी गेल्या. न्यायला कोण येणार?" शिवाने टोपली तिथेच ठेवली, घराला कुलूप लावलं आणि हातखंब्याला येऊन मिळेल ती गाडी धरली.

सखूचं मांडीचं हाड मोडलं होतं. घरी म्हातारा शिवा सोडला तर तिला उचलणारं कोणी नव्हतं, म्हणून मुंबईच्या मुलाने, विनोदने, तिला केंद्रात ठेवलं होतं. शिवा दर रविवारी एसटीने जायचा, डब्यात कुळथाची पिठी आणि मऊ भात न्यायचा. शेवटी शेवटी ती एकच सांगत होती, पोटात दुखतंय. शिवाने सिस्टरच्या कानावर घातलं, तर ती म्हणाली, "आजोबा, त्यांना कुठे काय आठवतं? काहीही सांगतात." शिवाला नवल वाटलं. त्याच दिवशी सखूने गाय व्याली का, वरच्या फणसाला यंदा धरलंय का, सगळं नीट विचारलं होतं. पण शिकलेली माणसं, त्यांना कळत असेल, असं म्हणून तो परत आला होता.

कार्य उरकल्यावर तो तिची लुगडी आणायला गेला. खाट रिकामी होती. शेजारच्या खाटेवर राजापूरकडची गंगा म्हातारी होती. तिच्याकडे कोणी येत नसे, म्हणून सखू आपल्या डब्यातलं तिला द्यायची. गंगाची पिंढरी सुजून टणक झाली होती.

"दाखवलंस का कोणाला?" शिवाने विचारलं.

"रोज सांगतंय. वेडीचं कोण ऐकतं?"

तेवढ्यात वैष्णवी सिस्टर आली. भान आहे का बघायला रोज सकाळी ती सगळ्यांना विचारायची तेच तिने विचारलं. "आजी, नाव काय?" गंगाने सांगितलं. "गाव?" तेही सांगितलं. "नवऱ्याचं नाव?" गंगाने तोंड भिंतीकडे फिरवलं आणि पदर ओढून घेतला.

"बघा," वैष्णवी म्हणाली, "आजपण नाही आठवलं."

शिवाच्या हातातलं गाठोडं खाली आलं. "सखूला पण हेच विचारायचीस?"

"रोज. त्या तर नुसत्या हसायच्या."

"अगो, ती नाव कसं घेईल? लग्न झाल्यापासून कधी घेतलं नाय तिने. रेशनच्या दुकानात विचारलं तरी बाजूच्या बाईला सांगायला लावायची."

वैष्णवी गोंधळली. "मला काय माहीत आजोबा? माझी आई तर बाबांना नावानेच ओरडते."

शिवाने तिला गंगाचा पाय डॉक्टरांना दाखवायला सांगितलं. ती डॉक्टरांकडे गेली आणि परत येऊन म्हणाली, की तपासणी ठरल्याप्रमाणेच होते, तुम्ही गंगाबाईंचे नातेवाईक नाही. विनोदला फोन केला तर तो म्हणाला, "बाबा, आई गेली. आता भांडून काय मिळणार?"

"ती गेली. बाजूची अजून हाय," शिवा म्हणाला.

गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईने त्याला ऋजुताचा नंबर दिला. दवाखान्यात, वृद्धाश्रमात ज्यांचं कोणी ऐकत नाही त्यांच्या बाजूने उभी राहणारी एक संस्था होती, ऋजुता तिचं काम करायची. शिवाला वाटलं, ही वकिलीण असेल, येऊन डॉक्टरांना झापेल. ती केंद्राच्या पायरीवरच म्हणाली, "काका, झापायचं नाही. आणि गंगाबाईंच्या पायाचं मी त्यांना विचारल्याशिवाय बोलणार नाही. सखूकाकूंचं तुम्ही बोलायचं. मी शेजारी बसते, कोणी तुम्हाला उठवलं तर मी उठू देणार नाही."

गंगाला तिने आधी विचारलं, "तुमच्या वतीने बोलू का?"

"बोल की बाय. माझं बोलून झालंय."

डॉक्टर खाटेशी आले. म्हणाले, "पेशंटला भान नाही, त्यांच्या सांगण्यावर कसं जाणार?"

"मग वेगळं विचारून बघा," ऋजुता म्हणाली. "आजी, काल जेवायला काय होतं?"

"दुधी. आळणी. परवा पण दुधीच."

वैष्णवीने हसू दाबलं.

"या शेजारच्या खाटेवर कोण होतं?"

"सखू. ह्या शिवाची बायको." परक्याचं नाव घ्यायला गंगाला काहीच अडचण नव्हती. "पोट धरून रडायची. सगळ्यांना सांगायची. मी पण सांगितलं. आम्ही दोघी वेड्या."

ऋजुताने शिवाकडे पाहिलं. तो म्हणाला, "डॉक्टर, माझ्या बायकोला सगळं आठवत होतं. हिचा पाय बघा."

डॉक्टरांनी चादर सरकवली. पिंढरी दाबल्यावर गंगा ओरडली. त्याच दुपारी तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. नसेत रक्ताची गाठ होती. अजून उशीर झाला असता तर जिवावर बेतलं असतं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. गंगा औषध घेऊन परत आली. केंद्राने नवऱ्याचं नाव विचारणं बंद केलं. आता वैष्णवी विचारते, काल काय जेवलात, आणि गंगा दुधीला शिव्या घालते.

शिवा अजून रविवारी जातो, डबा गंगाला देतो. सखूचं पोट का तपासलं नाही, असं त्याने ऋजुताला बरोबर घेऊन केंद्राला लेखी विचारलं आहे. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.