जिन्याखालची लाल चिंधी

अहो, इकडे! वर नाही, खाली बघा. जिन्याखाली, बुटांच्या ढिगामागे. हं, आता दिसलो! मी या घराच्या पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बोलतोय. रस्त्यावरून येणारं पाणी आधी माझ्या पोटातून जातं आणि मगच घरातल्या नळांना मिळतं. अंग पितळेचं, डोक्यावर लोखंडी चाक आणि गळ्यात एक लाल चिंधी. या चिंधीची हकीकत कोणाला तरी सांगावी म्हणून मी कधीचा उतावीळ झालोय. बरं झालं तुम्ही वाकलात!

माझा जन्म भट्टीतला. वितळलेलं पितळ साच्यात ओतलं, घासूनपुसून मला चकचकीत केलं आणि शेवटी एका माणसाने माझ्यातून जोरात पाणी सोडून चाक फिरवलं. पाणी जागच्या जागी थबकलं! एक थेंबही पुढे सरकला नाही. तो माणूस म्हणाला, "झकास." त्या दिवशी मला कळलं की आपला जन्म पाणी अडवण्यासाठी आहे. अंगात नुसतं वारं संचारलं.

मग या घरात आलो. प्लंबरने मला बसवलं, पूर्ण उघडलं आणि घरमालकांना, म्हणजे आबांना बजावलं, "साहेब, अधूनमधून याला फिरवत चला, नाहीतर जाम होईल." आबांनी मान डोलावली. त्यानंतर कित्येक हिवाळे आले आणि गेले, मला कोणी बोटही लावलं नाही. पहिलवानाला आखाड्यात आणून कोपऱ्यात उभं करून ठेवावं, तशी माझी गत. माझ्यासमोर बूट साठले, छत्र्या साठल्या. एका रंगाऱ्याने तर भिंतीबरोबर मलाही रंगवून टाकलं.

गंमत अशी की आबांना वाहतं पाणी मुळीच बघवत नाही. कुठे थेंब टपकला तर भरल्या ताटावरून उठून जातील आणि नळ पिळून येतील. "कोणी सोडला होता हा?" ही त्यांची आरोळी मी जिन्याखालून हजारदा ऐकलीय. घरातला एकेक नळ त्यांच्या धाकात. आणि ज्या एकाला आवळलं की सगळं घर बंद होतं, त्याचा त्यांना पत्ताच नव्हता!

माझ्या भिंतीपलीकडे सूनबाईंची खोली आहे. त्या रजया शिवतात. त्यांच्या शिलाई मशीनचा आवाज हाच माझा शेजार. यंदा मुलांच्या रुग्णालयाने हिवाळ्यासाठी त्यांच्याकडून रजया मागवल्या. एवढं मोठं काम पहिल्यांदाच हाती आलेलं. आबा म्हणाले, "झेपेल का गं तुला एवढं? शब्द देऊन बसलीस!" पलीकडे मशीन आणखी जोरात चालू लागलं.

आणि एके दिवशी गल्लीत पाणीखात्याची गाडी आली. भोंग्यातून आवाज आला, "थंडी वाढते आहे. उघड्यावरचे पाइप जुन्या कपड्यांनी गुंडाळा. कडाक्याच्या रात्री एक नळ बारीक धारेने चालू ठेवा. घराचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या. तो फिरतो का, बघून ठेवा."

माझं नाव! भर गल्लीत, भोंग्यावरून! मी रंगाखाली शहारलो.

सूनबाई तेलाची बाटली आणि सुरी घेऊन थेट जिन्याखाली. रंग खरवडला, तेल सोडलं आणि माझं चाक धरून लावला जोर. किर्रर्र! आहाहा, काय सांगू तुम्हाला, इतक्या वर्षांनी मान वळवायला मिळाली! मग त्यांनी रजईच्या कापडाची एक लाल चिंधी माझ्या गळ्यात बांधली.

"आबा, या ना, एकदा हात लावून बघा. उजवीकडे फिरवला की बंद."

"चालत्या गाड्याला खीळ कशाला घालतेस?" आबा वर्तमानपत्रातून म्हणाले. "आणि तू आहेस ना घरात."

आबांचे चिरंजीव, म्हणजे सूनबाईंचे यजमान, म्हणाले, "बघतो नंतर." आमच्या चिरंजीवांचा अर्धा संसार 'बघतो' या शब्दावर चाललाय.

सूनबाईंनी बाहेरचा पाइप गुंडाळला. त्यांच्या खोलीच्या खिडकीवरच्या कोपऱ्यात मात्र हात पोचेना, तेवढा पाइप उघडाच राहिला. रजया शिवून झाल्या त्या संध्याकाळी फोनवर खात्याचा निरोप आला की आज पारा शून्याखाली जाणार. त्यांनी वरच्या न्हाणीघरातला नळ बारीक सोडला आणि दमून झोपी गेल्या. ती सुतासारखी धार माझ्या पोटातून सरकताना मला जाणवत होती. मग वर पावलं वाजली, "कोणी सोडला हा?" ऐकू आलं आणि धार थांबली. आबा! मी ओरडलो हो, पण पितळाची हाक ऐकतंय कोण!

सकाळी वरच्या नळाला पाणी आलं नाही. सगळ्यांना वाटलं, खात्याचंच काहीतरी असेल. चिरंजीव कामावर गेले, सूनबाई रजया न्यायला टेम्पो आणायला गेल्या. उन्हं चढली, पाइपमधला बर्फ सुटला आणि फाट्! तडकलेल्या कोपऱ्यातून पाण्याचा फवारा उघड्या खिडकीतून थेट रजयांच्या खोलीत!

घरात एकटे आबा. त्यांनी काय करावं? धावत जाऊन स्वयंपाकघरातला नळ पिळला. न्हाणीघरातला पिळला. अंगणातला पिळला. सगळे आधीच बंद! पलीकडे पाणी पलंगाच्या दिशेने चाललेलं आणि पलंगावर रजयांची थप्पी. शेवटी आबांनी फोन लावला.

"सूनबाई, पाणी! तुझ्या खोलीत! सगळे नळ बंद केले तरी थांबत नाही गं!"

"आबा, आधी विजेचं मेन स्विच बंद करा. केलं? आता जिन्याखाली वाका. बूट बाहेर फेका. लाल चिंधी दिसतेय का?"

एक बूट उडाला, दुसरा उडाला, छत्री गडगडली आणि माझ्यासमोर आबांचा घामाने डबडबलेला चेहरा आला. "दिसली! दिसली!"

"तोच. उजवीकडे फिरवा."

आली! माझी वेळ आली! पण आबांनी घाबरून चाक ओढलं ते डावीकडे. मी आधीच पूर्ण उघडा, फिरणार कुठे? "जाम झालाय मेला!" ते कळवळले. "गेल्या तुझ्या रजया. माझ्यामुळे गेल्या."

"आबा, जेवायचा हात! जेवायच्या हाताकडे फिरवा!"

आबांनी हाताकडे पाहिलं, दात आवळले आणि फिरवलं. मी फिरलो! तेल कामी आलं. पाणी अंगावर धावून येत होतं, मी छाती लावली, आबांनी आणखी एक फेरा दिला, आणखी एक, आणि पाणी थबकलं. पलीकडचा फवारा लुळा पडला. झकास!

सूनबाई धापा टाकत आल्या. आधी खोलीत गेल्या. वरची एक रजई चिंब झाली होती, खालच्या सगळ्या कोरड्या. मग त्या जिन्याखाली वाकल्या. आबा माझं चाक दोन्ही हातांनी धरून ओल्या फरशीवर बसले होते.

"आबा, सोडा आता."

"सोडला तर परत येईल."

"नाही येणार. बंद झालाय तो."

आबांनी सावकाश हात काढले. "सूनबाई, रात्री तुझा नळ मीच बंद केला गं."

"ते कळलं होतं मला. या घरात दुसरं कोण करणार?" म्हणत त्या तिथेच फरशीवर बसल्या. आधी आबांना हसू फुटलं, मग त्यांना. टेम्पोवाला दारात उभा राहून दोघांकडे बघतच राहिला. त्या दिवशी रुग्णालयातली मुलं नव्या रजयांत झोपली, एका मुलाची रजई तेवढी वाळल्यावर पोचली.

आता पाइप नवा आहे, तो कोपराही गुंडाळलाय. परवा पाणीखात्याची गाडी आली तेव्हा आबांनी ती फाटकात अडवली. "अहो, नुसतं व्हॉल्व्ह, व्हॉल्व्ह काय सांगता? जेवायचा हात म्हणून सांगा लोकांना!" आणि कडाक्याची रात्र असली की ते झोपायच्या आधी बारीक सोडलेल्या नळासमोर स्टूल टाकून बसतात. हात शिवशिवतात, म्हणून मांडीखाली दाबून ठेवतात. नळ मात्र बंद करत नाहीत.

माझ्यासमोर आता एकही बूट नसतो. येता-जाता आबा वाकतात, चाक थोडं फिरवतात आणि विचारतात, "काय पहिलवान, बरं आहे ना?" बरं काय, मी खुशीत आहे!

तुमच्या घरातही माझा एक भाऊबंद कुठेतरी बुटांमागे, डब्यांमागे उभा असेल. तो बिचारा तुमची वाट बघतोय. थंडी दारात आलीय, आजच त्याला शोधा, घरातल्या सगळ्यांना दाखवा आणि प्रत्येकाला एकदा फिरवायला लावा. जेवायच्या हाताकडे, बरं का!