उम्म अल कुवैनचं पॅलेट

सदानंद वर्तकांना नियम आवडत. दुबईच्या देरा भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये दाराशी चपला कशा लावायच्या यालाही नियम होता. तो फक्त त्यांच्या पत्नी सुनेत्राबाई मोडत, कारण असा काही नियम आहे हेच त्यांना मान्य नव्हतं. त्यामुळे २००१ साली टपालाच्या नव्या केंद्राने ठोक टपालासाठी पॅलेटची नियमावली काढली, तेव्हा देऱ्यातल्या मेलिंग कंपन्यांत एकटे सदानंदच खूश झाले.

त्यांची कंपनी दुकानांचे कॅटलॉग, बँकांची पत्रकं असं टपाल गठ्ठ्यांनी पाठवायची. आतापर्यंत पोती भरायची, पिकअपमधून केंद्राच्या दारात टाकायची आणि निघायचं, अशी रीत होती. आता सगळं पॅलेटवर, म्हणजे फोर्कलिफ्टने उचलता येईल अशा लाकडी चौथऱ्यावर रचून न्यायचं होतं. प्रत्येक अमिरातीचं पॅलेट वेगळं. उंची ठरलेली, कमीत कमी वजन ठरलेलं, आणि वरून प्लॅस्टिक गुंडाळलेलं.

"आता पोती फेकणारे सगळे खलास," सदानंद जेवताना म्हणाले.

"आपण काय फेकत होतो?" सुनेत्राबाईंनी विचारलं.

"आपण नाइलाजाने फेकत होतो."

"Baba, it's just junk mail," कॉलेजात जाणारा तन्मय म्हणाला. सदानंदांनी त्याला आमटी वाढली.

पहिलंच काम एका फर्निचरच्या दुकानाच्या रमझान सेलचं आलं. गोडाऊनमध्ये सदानंद स्वतः उभे राहिले. पॅकर हनीफने कॅटलॉग रचले, सदानंदांनी चारी बाजूंनी फिरून पाहिलं आणि नवी कोरी पॅलेटं ट्रकमधून केंद्रावर नेली.

केंद्रावर तपासणीला अहमद होता. तरुण, हसतमुख, मूळचा उम्म अल कुवैन या छोट्याशा अमिरातीचा. त्याने आधी सुलेमानी चहा दिला आणि मग टेप काढली. पॅलेटं दोन बोटं जास्त उंच भरली.

"नीचे की लकड़ी भी गिनते हैं, सदानंदभाई."

सदानंदांना उलट बरं वाटलं. कुणीतरी खरंच मोजत होतं. त्यांनी उंची कमी करून आणली. या खेपेला अहमदने वजन केलं. दुबई पास, शारजा पास, अल ऐनसकट अबू धाबी पास. उम्म अल कुवैनचं पॅलेट मात्र काट्यावर चढूनही जमिनीवर असल्यासारखं हलकं निघालं.

"तिथे माणसंच कमी आहेत, कॅटलॉग कुठून येणार?" सदानंद म्हणाले.

"हमारे यहाँ बहुत लोग हैं," अहमद जरा दुखावून म्हणाला. "लेकिन सोफा कम ख़रीदते हैं."

शिवाय एक पॅलेट नापास झालं की सगळी खेप परत, असा नियम होता. अजमानचे गठ्ठे त्यात मिसळायला परवानगी नव्हती. वजन वाढवायला हनीफने खाली कोऱ्या कागदाची रिमं लावली. अहमदने ती काढायला लावली, कारण ज्यावर पत्ता नाही ते टपाल नव्हे. मग सदानंदांनी उम्म अल कुवैनच्या प्रत्येक पत्त्यावर चार-चार कॅटलॉग घातले. वजन भरलं, पण एका पत्त्यावर एकच प्रत, हा नियम पुढच्या पानावर होता.

फर्निचरच्या दुकानाचे मालक बदरुद्दीनशेठ रोज फोन करू लागले. "वर्तकसाहेब, ईद झाल्यावर सेल जाहीर करायचा का?"

सदानंदांची भूक गेली. नियम चुकीचा असू शकतो, हे मनात यायचं आणि ते तो विचार हाकलून द्यायचे. चूक उम्म अल कुवैनचीच असली पाहिजे. इतक्या लहान जागी अमिरात असावी कशाला?

शेवटी अहमदलाच त्यांची दया आली. "सदानंदभाई, पॅलेट लाना ज़रूरी है क्या?"

"म्हणजे?"

मग हिंदीत, हातवारे करत अहमदने समजावलं. नियम फक्त ट्रकने केंद्रावर येणाऱ्या मालाला होता. पोस्टाच्या साध्या काउंटरवर माणूस पिशवीतून जेवढं आणेल तेवढं घेतात. तिथली नियमावली अजून कुणी लिहिली नव्हती.

"ही तर पळवाट झाली."

"पळवाट नहीं, दरवाज़ा है. यल्ला, जल्दी करो, रमज़ान आ रहा है."

दुसऱ्या दिवशी पॅलेटं फोडली. ऑफिसातल्या सगळ्यांच्या गाड्या भरल्या आणि एकेका गावचं पोस्ट वाटून घेतलं. सुनेत्राबाईंनी अल ऐनचं काम घेतलं, कारण त्यांना ओअॅसिस बघायचा होता. सदानंद शेजारी बसले, मांडीवर कॅटलॉगचा गठ्ठा घेऊन.

अल ऐनच्या पोस्टात भली मोठी रांग होती. पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या माणसांकडे सदानंदांनी नीट पाहिलं, तर सगळे चेहरे देऱ्यातले. समोरच्या कंपनीच्या जहांआरा मॅडम दोन्ही हातांत बँकेची पत्रकं घेऊन उभ्या होत्या. दोघांची नजरानजर झाली.

"यहाँ कैसे?" सदानंदांनी विचारलं.

"शादी में आए हैं," त्या म्हणाल्या.

"आम्हीपण," सुनेत्राबाई म्हणाल्या आणि आपली पिशवी पुढे सरकवली.

रमझानच्या आधी कॅटलॉग पोचले. सोफे विकले गेले.

उन्हाळ्याआधी केंद्राने एका हॉटेलात समारंभ केला. नियमावली लागू झाल्यापासून एकही सदोष पॅलेट आत आलं नव्हतं, असं केंद्रप्रमुखांनी सांगितलं. ते खरंच होतं. पॅलेट एकही आलं नव्हतं. नियमांचा सर्वांत तळमळीने पाठपुरावा केल्याबद्दल सदानंदांना काचेचं मानचिन्ह मिळालं आणि बोलायला सांगितलं.

माइकपुढे उभं राहिल्यावर खरं सांगून टाकावं असं त्यांना क्षणभर वाटलं. पण समोर जहांआरा मॅडम गंभीर चेहऱ्याने टाळ्या वाजवत होत्या, मागे अहमद अभिमानाने हसत होता, आणि बदरुद्दीनशेठ फोटो काढत होते.

"नियम स्पष्ट असले," सदानंद म्हणाले, "की कुठे जायचं नाही ते माणसाला कळतं."

सभागृहाने हे वाक्य फार उचलून धरलं. प्रमुखांना ते इतकं आवडलं, की पॅलेट कसं रचावं यावर अल ऐनच्या कर्मचाऱ्यांना एक व्याख्यान द्यायची विनंती त्यांनी तिथेच केली. सदानंदांनी होकार दिला. त्या दिवशी त्यांनी टाय लावला. सुनेत्राबाईंनी गाडी काढली, आणि एवढ्या लांब डिकी रिकामी कशाला न्यायची म्हणून हनीफने तिच्यात शाळेच्या दप्तरांचे कॅटलॉग भरून दिले.