तुरेवाल्याचे डोळे

गिरणी बंद पडल्यापासून दत्ताराम घाटकोपरला अण्णा पेडणेकरांच्या गणपतीच्या कारखान्यात राबत होता. सोंड, पोट, उंदीर, सगळं झकास करायचा. पण डोळ्यांची आखणी अण्णा कुणालाच करू देत नसत, आणि दत्तारामला तर तेवढीच एक आस लागली होती.

दिवाळीनंतर कारखाना थंड असताना जवळच्या शाळेतल्या मृणालिनी बाई एक चित्र घेऊन आल्या. विज्ञान प्रदर्शनासाठी त्यांना डायनोसॉर हवा होता. दोन पायांवर उभा, डोक्यावर दोन पातळ तुरे, तोंडभर दात. अण्णांनी कपाळाला हात लावला.

"हे जनावर तूच घे रे दत्ता. डोळ्यांसकट."

दत्तारामने चित्र लगेच हातात घेतलं. जमलं तर पुढे गणपतीचे डोळे, फसलं तर जन्मभर उंदीर!

त्याने बाईंना प्रश्न विचारून हैराण केलं. तुऱ्यांनी टक्कर मारायचा का? "छे, मोडले असते. मिरवायला असतील," बाई म्हणाल्या. एकटा राहायचा का? तिघांचे सांगाडे जवळजवळ सापडले होते म्हणे, पण ते सोबती होते की नाही, कोण सांगणार? पिल्लांना सांभाळायचा का, तेही कुणाला ठाऊक नव्हतं. दत्तारामने आपल्यापुरतं ठरवून टाकलं, सांभाळायचा.

पंधरा दिवसांत कागदाच्या लगद्याचा पुरुषभर उंच प्राणी उभा राहिला. तुरे शेंदरी. सर्वांत शेवटी डोळे. बाई आल्या आणि दारातच थबकल्या.

"अहो दत्ताराम, हा मांस खाणारा प्राणी! आणि नजर बघा, आशीर्वाद देतोय!"

दत्तारामचा चेहरा उतरला. दोन वर्षं अण्णांच्या मागे उभं राहून जे डोळे पाहिले, तेच हातातून उतरले होते. मग घुश्शात तो थेट मालवणीवर आला. "बाई, आमी पन बांगडे खातंव. म्हणान काय पोरांका डोळे वटारून दाखवतंव?"

बाईंना हसू फुटलं. अण्णा मात्र हसले नाहीत. ते प्राण्यासमोर उभे राहिले, डावीकडे सरकले, मग लहान मुलाच्या उंचीला खाली बसले. मूर्ती पुरी झाली का, हे ते असंच पाहत.

"कुठूनही बघा, माझ्याकडेच बघतोय हलकट," ते म्हणाले. उठताना त्यांनी आपला बारीक ब्रश दत्तारामच्या खिशात खोचला. "माझा हात थरथरतो रे. वर्षभर लपवतोय. येत्या चतुर्थीला बाप्पाचे डोळे तूच आखायचे."

दत्ताराम बाईंसमोर, त्या दात विचकलेल्या जनावरासमोर, चक्क रडला.