फेंड म्हणजे हाणणे

दुभाष्याला शब्दांचं भारी वेड. आणि त्या वेडापायी इंग्रजीत चालणाऱ्या भर कोर्टात त्याने एका बाईला तुरुंगाच्या दारात नेऊन उभं केलं.

बाई इस्त्रीवाली. नवऱ्याने दुकानातच तिला टेबलावर आडवं पाडून गळा आवळला. डोळे पांढरे व्हायला लागले, तशी तिने हाताला लागलेली तापली इस्त्री त्याच्या डोक्यात घातली. एकदा नाही, तो सोडेपर्यंत. कातडी भाजली, कवटीला चीर गेली, पण मेला मात्र नाही मेला! डोक्याला पट्टी बांधून समोरच बसला होता, आणि खुनाच्या प्रयत्नाचा खटला हिच्यावर. घ्या!

"मग तुम्ही काय केलंत, ताई?" दुभाष्याने विचारलं.

"काय करणार दादा? हाणलं."

आता इंग्रजीत सरळ 'मारलं' म्हणून मोकळं व्हावं की नाही? पण याला सुचलं 'फेंड'. म्हणजे अंगावर आलेल्याला दूर सारणं. 'डिफेंड'चं डोकं उडवून झालेला शब्द. लॅटिनमध्ये मात्र त्याच्या मुळाचा अर्थ मारणं, आणि ते मूळ आपल्या 'हाणणे'चं चुलत भावंड! स्वारी मनातल्या मनात खूश.

सरकारी वकील ताडकन उठला. "नुसतं दूर सारलं? मग कवटी कशी फुटली? बाई धडधडीत खोटं बोलतेय!"

दुभाष्याच्या पायाखालची जमीन सरकली. लॅटिन गेलं खड्ड्यात, आजच्या इंग्रजीत त्या शब्दाने कुणाची कवटी फुटत नाही. "साहेब, चूक माझी," तो न्यायाधीशांना म्हणाला. "बाई म्हणाल्या, मारलं. जोरात मारलं." आणि तेच त्याने मराठीत बाईलाही सांगितलं.

"हो, मारलं," बाई म्हणाली. "नसतं मारलं तर मेले असते."

झालं! नवरा कठड्यावरून उडी मारून तिच्या अंगावर गेला. "थांब, आता जीवच घेतो तुझा!" गळा धरून त्याने तिचं डोकं लाकडावर आपटलं, दोनदा. तिने त्याच्या मनगटात दात रुतवले ते पार हाडापर्यंत. पोलिसांनी काठ्या घालून तिला सोडवलं आणि त्याला फरफटत बाहेर नेलं. फरशीवर रक्ताचे शिंतोडे उडाले होते.

काही सांगायचंय का, न्यायाधीशांनी विचारलं. बाईने पदराने तोंड पुसलं.

"आत्ता एवढी माणसं होती साहेब, म्हणून सुटले. त्या दिवशी दुकानात मी आणि इस्त्री, दोघीच होतो."

दुभाष्याने ते शब्दाला शब्द सांगितलं. सांगताना त्याला रडू आवरेना. सरकारी वकिलाने आपले कागद गुंडाळून ठेवले.