गाळलेली टकटक

"दुखतंय कुठे ते कळल्याशिवाय बधिर करू नये," असं म्हणून दातांच्या डॉक्टरीणबाईंनी प्लॅस्टिकच्या नळीला पुढचं भोक पाडायला घेतलं.

छकुलीची आई हसली. "अहो, इथे कुणाचा दात दुखतोय?"

वाचनालयाच्या माडीवर दर रविवारी दुपारी ही मंडळी जमत. कुणी नळ्यांचे पावे करी, कुणी सायकलच्या चाकाला तारा ताणून झंकार काढी, आणि आपलं यंत्र आज तरी वाजेल या आशेवर बाकीचे चहा पीत बसत. या खेपेला प्रत्येकाने आपल्या घरातला एक आवाज आणायचा होता. छकुलीच्या आईने लेकीचा श्वास रेकॉर्ड करून आणला होता. नाण्याएवढी एक पितळी चकती तिने बाळाच्या लाकडी खाटेला चिकटवली होती. लाकडात जे काही थरथरेल ते वायरीतून कानात येई. हे सगळं संगीतासाठी, असं ती सांगे. खरं म्हणजे ते सात-आठ महिन्यांचं पोर झोपलं की तिचा जीव टांगणीला लागे, आणि श्वास कानात असला की निदान भांडी तरी घासून होत. नवरा म्हणे, बायको आणली होती, घरात टेलिफोन ऑपरेटर आली.

श्वास सुरेख उतरला होता. मध्ये तेवढी टकटक होती. बारीक, दोनतीनदा, मग थोडी उसंत, की पुन्हा. पाण्याचा पाइप असेल, ती म्हणाली. नको ते आवाज गाळून देणाऱ्या मंडळातल्या संगणकवाल्याला सगळे गाळणीबुवा म्हणत. त्याने तिला एक डबी करून दिली: खटका दाबला की टकटक गुल, श्वास तेवढा शिल्लक. माडीवर तो श्वास घुमला तेव्हा चहाचे कप हातातच राहिले. डॉक्टरीणबाईंनीसुद्धा भोक पाडणं थांबवलं. डबी ती घरी घेऊन आली आणि खटका दाबला तो दाबलाच.

मंगळवारी दुपारी ती भाजी चिरत होती. कानातला श्वास झोपेतला वाटेना, म्हणून डोकावली. छकुली खाटेच्या दांडीवर टाच आपटत होती. आपटे, मग भिंतीकडे मान वळवून गप्प पडे, आणि पुन्हा आपटे. ना रडणं, ना हसणं.

 आईने नवऱ्याला ऑफिसात फोन केला. बाळं पाय आपटतातच, तूच जरा आडवी हो, असं त्याने सांगितलं. दवाखान्यातल्या नर्सने ताप आहे का विचारलं. नव्हता. दूध प्यायली? प्यायली. मग खेळतेय ती, असं म्हणून तिनेही फोन ठेवला.

ती खाटेशेजारी जमिनीवर बसली. टाच लाकडावर पडताना दिसत होती, कानात मात्र ठोका येत नव्हता. गाळणी इमानेइतबारे आपलं काम करत होती. लेकीचं काय चाललंय ते तरी ऐकू यावं, म्हणून तिने खटका वर केला.

टाचेचे ठोके आले. टाच थांबली. आणि टकटक आली.

तिने छकुलीचे दोन्ही पाय हातात धरून ठेवले. टकटक पुन्हा आली. खाट भिंतीला टेकलेली होती, आणि भिंतीपलीकडे शेजारच्या आजींची झोपायची खोली होती.

आजी एकट्याच राहत. त्यांच्या दाराची एक किल्ली हिच्याकडे असे. लेकीला कडेवर घेऊन तिने त्या किल्लीने दार उघडलं.

आजी पलंगाशेजारी जमिनीवर होत्या. पाठ भिंतीला, एक पाय वाकडा, ओठ सुकलेले, हातात फणी. सकाळी उठताना पाय सरकला, त्या म्हणाल्या. हाक मारायला गेलं की बरगडीत कळ येते. एरवी दुपारी त्या पडल्या पडल्या बोटांनी भिंत वाजवून छकुलीला खेळवत. आज बोटांत जोर नव्हता, म्हणून फणी.

"पोर केव्हाची ओ देतेय बिचारी," आजी म्हणाल्या. "म्हटलं, हिच्या आईला कधी ऐकू येतंय बघू."

छकुली फणीकडे झेपावली. आईने पाणी आणलं, फोन केले, आणि गाडी येईपर्यंत आजींचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिली.  घाईत डबीतून उपटून गळ्यात लोंबत राहिलेली कानातली वायर तेवढी काढून तिने पलंगाखाली सारली.

आजींचं हाड आता जुळून येतंय. पुढच्या रविवारी तिने माडीवर न गाळलेला आवाज लावला. तो संपल्यावर मंडळी टाळ्या वाजवणार, तेवढ्यात तिने हात वर केला. त्यांना जे सांगितलं तेच तिचं वाचणाऱ्यांनाही सांगणं आहे: आजच जरा भिंतीपलीकडे जाऊन या. बेल वाजवा, आणि लगेच मागे फिरू नका. काहींना दारापर्यंत यायला वेळ लागतो.