जाळीचं वाण

"काका, काम काय करायचंय याच्यावर?"

दुकानदार विरेशनं तीन लॅपटॉप उघडून काचेवर मांडले होते. काका म्हणजे भुजंग. ताडकळसला तीस वर्षं पिठाची गिरणी चालवणारा माणूस. चिमटीतल्या पिठावरून गहू कुठल्या रानातला ते सांगेल, पण या काळ्या पाट्यांपुढं त्याचे हात मांडीवरून उठेनात. सकाळी परभणीची बस गाठायच्या घाईत तोंड धुतलं होतं, भुवया राहिल्या होत्या. त्यांत अजून पीठ होतं.

त्यानं शेजारी बसलेल्या लेकीकडं बघितलं.

"साधंच काम," अर्पिता म्हणाली. "दुकानाची बिलं टाइप करायची, मेल बघायचा, फॉर्म भरायचे. कधीमधी पिक्चर."

दुकान जावयाचं. बालाजीचं पाथरीला बी-बियाणांचं दुकान होतं. लग्नानंतरचा हा पहिलाच अधिक महिना, म्हणजे जावयाला धोंड्याचं जेवण आणि वाण. भुजंगनं अंगठीचं विचारायला फोन केला, तर बालाजी म्हणाला होता, "मामा, अंगठी-बिंगठी नको. द्यायचंच आसंल तर साधासा लॅपटॉप द्या. आन् अर्पिताला न्या सोबत. तिला लय कळतं त्यातलं."

तिला लय कळतं. हे त्याला जावयानं सांगितलं. फोन ठेवल्यावर भुजंग बराच वेळ हातातलं फडकं झटकत उभा राहिला होता.

"हा घ्या," विरेशनं सगळ्यात चकचकीत लॅपटॉप पुढं सरकवला. "स्क्रीन मोठा, दिसायला एकदम भारी."

"ह्याच्यात जुनी हार्डडिस्क हाय ना?" अर्पितानं विचारलं. "ह्यो चालू व्हईस्तोवर चहा करून पिऊन व्हईल. एसएसडीवाला दाखवा. आन् रॅम आठ तरी पायजे. पुढं वाढवता येतीय का?"

विरेशनं आता नीट बघितलं तिच्याकडं. "ताई, कोर्स कुठं केला तुमी?"

"केलाच न्हाई."

चहात साखर नको म्हणावं, इतक्या सहज म्हणाली ती. भुजंगनं मान खाली घातली आणि फरशीवरच्या आपल्या चपला बघत राहिला.

तिनं मधला लॅपटॉप जवळ ओढला. उचलून वजन बघितलं, झाकण दोनदा उघडून मिटलं, मग उलटा करून बापापुढं धरला. "दादा, ही बघा जाळी. आईला सांगा."

तिच्या आईनं, चतुराबाईनं, सकाळपासून तोच घोर लावला होता. अधिकाचं वाण जाळीचं लागतं. अनारशाला जाळी, बत्ताशाला जाळी. या डब्याला कुठं आलीय जाळी?

"ताई, ती आतली गरम हवा जायला हाय," विरेश हसला.

"मंग काय झालं? जाळी ती जाळीच."

भुजंगही हसला. पण तेवढ्यात तिनं कोरं पान उघडलं, दोन्ही हातांची बोटं अक्षरांवर ठेवली आणि लिहायला लागली. नजर समोर, बोटं आपली आपण चाललेली. जात्यावर बसलेल्या बाईचा हात जसा न बघता घास टाकतो, तशी. भुजंगचं हसू वाटेतच थांबलं. हे कुठं शिकलीस, असं तो विचारणार होता. पण ते त्याला ठाऊक होतं.

बारावीच्या सुट्टीत तिनं पंख्याच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला होता. त्यावर पट्टीनं चौकटी आखल्या, चौकटीचौकटीत अक्षरं लिहिली. दुपारी गिरणीत दळणाच्या डब्यावर तो पुठ्ठा ठेवून ती बोटं चालवायची. "बिनआवाजाची पेटी वाजवायलीस का गं?" असं म्हणून त्यानं सगळ्यांना हसवलं होतं. तीही हसली होती. पुढं एकदा चक्कीच्या तोंडाशी पीठ सांडायला लागलं, तेव्हा हाताशी आला म्हणून त्यानं तो पुठ्ठा मधोमध कापला आणि फटीला ठोकून टाकला. ती आली, बघितलं, आणि डबा उचलून घरात गेली.

त्याआधी तिनं एकदा त्याला विचारूनही बघितलं होतं. "दादा, परभणीला कोर्स लावू का? मॅडम म्हणल्या, साधा लॅपटॉप आसला तरी बास व्हतंय." त्याला आठवायचं ते असं: चक्की जोरात चालू होती, पट्टा फडफडत होता. तिचा शब्द न् शब्द त्याला ऐकू आला होता. त्यानं ऐकू न आल्यासारखं केलं. पोरगी थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. पुढच्या वर्षी पाथरीचं स्थळ आलं.

बापाला ऐकू गेलं नसंल, असंच वाटलं असंल तिला. या एका समजुतीवर भुजंगनं इतकी वर्षं काढली होती.

"बिल कुणाच्या नावानं करू?" विरेशनं विचारलं.

"अर्पि..." भुजंगनं तोंड उघडलं.

"बालाजी मारोतराव लिहा," ती म्हणाली. मग हळूच, "दादा, वाण हाय ते."

परतीच्या बसमध्ये तिनं बॅग मांडीवर घेतली. उन्हानं खिडकीचे गज तापले होते. खड्डा आला की ती बॅगेवर हात ठेवायची, मांडीवरचं लेकरू दचकू नये म्हणून ठेवावा तसा. भुजंगनं मनाशी ठरवलं. बिल कुणाच्याबी नावचं असू दे. उद्या चारचौघांत हे तिच्याच हातात द्यायचं. म्हणायचं, हे माझ्या लेकीचं, तवाचं राहिलेलं.

दुसऱ्या दिवशी चुलीपुढं चतुराबाई पुरणाचे धोंडे वळत होती. वळता वळता गुणगुणत होती:

लेक ग मागती, माय, उंबऱ्याशी राहून
बापाजीनं घेतली ग मान तिकडं फिरवून

"दुसरं काई येत न्हाई का तुला?" भुजंग खेकसला. चतुराबाईनं चमकून वर बघितलं. तिला बिचारीला काय ठाऊक? तिच्या आईनं म्हटलेली ओवी ती म्हणत होती.

पाटावर बालाजी आणि अर्पिता बसले. तेहतीस अनारशांवर दिवा लावला. शेजारच्या सरजाबाईनं ओवाळता ओवाळता टोमणा मारलाच, "भुजंगराव, जावयाला लॅपटॉप. आन् लेकीला?"

"लेकीला साडी की!" चतुराबाई म्हणाली, आणि बायका हसल्या.

हीच वेळ होती. भुजंगनं बॅग उचलली. शब्द ओठापर्यंत आले होते. समोर जावई हात पुढं करून बसला होता, बायका बघत होत्या, दिव्याची वात सरळ उभी होती. भुजंगचे हात जावयाकडं वळले. दुसरीकडं वळायची त्यांना सवयच नव्हती.

"मामा, लय भारी हाय," बालाजी म्हणाला. मनापासून म्हणाला. "आता हिलाच म्हणतो, शिकीव मला."

अर्पितानं नव्या साडीची घडी मांडीवर सारखी केली.

जेवणं झाली. भुजंग गिरणीत आला. लाइट गेली होती. दळणाचे डबे रांगेत ठेवून बायका बाहेर लिंबाखाली बसल्या होत्या. पाथरीला न्यायचं पीठ घ्यायला अर्पिता आली, तेव्हा तो चक्कीला टेकून नुसता उभा होता.

"दादा, निघायलोत आमी."

त्यानं पिठाचा डबा तिच्या हाती दिला, पण आपला हात सोडला नाही. डबा दोघांच्या मधे तसाच राहिला.

"अर्पे," तो म्हणाला. "तू कोर्सचं इचारलं व्हतंस, तवा चक्की चालू व्हती. पर मला ऐकू आलं व्हतं."

बाहेर कुणीतरी पदरानं वारा घेत उन्हाला नावं ठेवत होतं.

"ठाऊक हाय, दादा." मग अगदी हलक्या आवाजात, त्याला लागू नये अशा बेतानं ती म्हणाली, "तवा चक्की बंद व्हती. लाइट गेलती, आजच्यावानी. तुमी पट्ट्यावरचं पीठ झटकायलते."

भुजंगच्या हातून डबा सुटला. तिनं तो खाली पडू दिला नाही, अलगद पायाशी ठेवला. मग चक्कीच्या तोंडाशी वाकली आणि फटीतल्या पुठ्ठ्यावरून पदर फिरवला. पिठाखालून चौकटी वर आल्या. शाई फिकट झाली होती, पण अक्षरं लागत होती. डाव्या हाताकडचीच तेवढी. उजवीकडचा तुकडा कधीच कुठं गेला होता.

तिनं डाव्या हाताची बोटं त्यावर ठेवली. चार-पाच अक्षरं दाबली.

"काय लिवलंस?"

"काई न्हाई. बोटांला ध्यानात हाय का, ते बघितलं."

बाहेर बालाजीनं मोटरसायकलचा हॉर्न वाजवला. अर्पितानं डबा उचलला. दारात वळून म्हणाली, "दादा, भुवया पुसा. कालपासून तशाच हायत." आणि गेली.

भुजंग दारापर्यंत आला. बालाजीनं पिठाचा डबा पुढं टाकीवर ठेवला होता. लॅपटॉपची बॅग अर्पितानं पाठीला लावली होती, दोन्ही खांद्यांत पट्टे घालून, कॉलेजला निघालेल्या पोरीसारखी. गाडी रस्त्याला लागली.

तेवढ्यात गिरणीतला बल्ब लागला.

"आली, आली लाइट!" बायका पदर झटकत उठल्या. "भुजंगराव, चालू करा की चक्की. उभं काय ऱ्हायलाव?"

भुजंगनं हात वर करून त्यांना थांबवलं. गाडीचा आवाज मारुतीच्या पारापर्यंत ऐकू आला, मग ओढ्याच्या पुलावर, मग पुलापलीकडं बारीक होत गेला. तो पुरता विरेपर्यंत त्यानं बटणाला हात लावला नाही.